तीन आडव्या रेघांचा सेल्फ

पहिली तक्रार आरशाची होती. एका जुन्या गाडीचा बाहेरचा आरसा शिवांजलीने मोबाइलवरून, एका ऑनलाइन कंपनीमार्फत विकला, आणि पुण्याच्या घेणाऱ्याने आठ दिवसांनी कंपनीला कळवलं की वस्तू वापरलेली वाटते.

नीलाबाईंनी सुनेला ते तीनदा वाचायला लावलं.

"वापरलेली वाटती म्हंजे? आपण इकतो काय? वापरलेलंच की."

"तेच लिहिलतं मी, आत्या. पण खाली 'एकदम मस्त' असंबी लिहिलतं. कंपनी म्हणती, मस्त म्हणल्यावर माणूस नवं समजतो."

"मग काय लिहावं? बरा हाय? चालतंय?"

"आता तसंच लिहिते," शिवांजली म्हणाली, आणि तेव्हापासून त्यांच्या सगळ्या मालाखाली "बरा आहे, चालतो" असं येऊ लागलं. विक्री निम्म्यावर आली, पण खोटं बोलल्याचा आरोप टळला.

दुसरी तक्रार हेडलाइटची. नीलाबाईंच्या नवऱ्याच्या, गुरुलिंगअप्पांच्या दुकानात पन्नास वर्षं गाडीला डावं-उजवं नव्हतंच. एक ड्रायव्हर साईड आणि एक क्लीनर साईड, मग तो कोळशाचा ट्रक असो की तहसीलदारांची जीप. शिवांजलीने सवयीने "क्लीनर साईड" लिहिलं. नागपूरच्या घेणाऱ्याने आपल्या मनाने अर्थ लावला, दिवा उलट्या बाजूचा निघाला, आणि त्याने तक्रारीत लिहिलं: माझ्या गाडीला क्लीनर नाही. कंपनीने त्याचंही खरं मानलं.

तीन महिन्यांत तीन तक्रारी हरल्या तर विकणाऱ्याचं खातं कायमचं बंद, असा कंपनीचा नियम होता. दोन झाल्या होत्या.

परळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान. जुन्या गाड्या फोडून त्यांचे चांगले भाग काढायचे, धुवायचे, तपासायचे आणि विकायचे, हा धंदा. एके काळी दुकानापुढे उभं राहायला जागा नसे. थर्मलच्या वीजकेंद्राला जाणाऱ्या गाड्या, कारखान्याचे ट्रॅक्टर, लग्नसराईत वाटेत बंद पडलेल्या जीपगाड्या, आणि त्या जीपमधून उतरून नीलाबाईंकडे पाणी मागणारी वऱ्हाडं. दोन नवऱ्यामुलांनी त्यांच्या मोरीवर तोंड धुतलेलं त्यांना आठवत होतं. एकाचं बाशिंगही तिथेच राहिलं होतं, मग ते घ्यायला त्याचा मेव्हणा सायकलवर आला होता. आता नव्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला जातात, आणि जुन्या गाड्या परळीत राहिल्याच कुठे. राहिल्या त्या लांब लांबच्या गावी, हौशी माणसांकडे, आणि त्या माणसांपर्यंत पोचायचा रस्ता शिवांजलीच्या मोबाइलमधून जात होता.

राजेश्वर, नीलाबाईंचा मुलगा, साखर कारखान्यात फिटर होता. त्याने स्वच्छ सांगून ठेवलं होतं. "खातं चालू हाय तवर दुकान. खातं बंद झालं की शटर भाड्यानं देऊ. मोबाइलवाला दोनदा बघून गेला." मोबाइलवाल्याला नीलाबाईंनी चहा दिला होता आणि तो गेल्यावर त्याने जिथे जिथे हात लावला त्या फळ्या पुसून काढल्या होत्या.

तर आता तिसरी तक्रार हरायची नाही, एवढंच घरात ठरलं होतं. आणि युक्ती नीलाबाईंनीच काढली.

"मालक असतानाबी लोक असंच करायचे," त्या म्हणाल्या. "आपला चांगला पार्ट न्यायचा, त्यांचा फुटका आणून द्यायचा, आन म्हणायचं तुमचाच हाय. मग मालकांनी खूण सुरू केली."

ती खूण म्हणजे तीन आडव्या रेघा. गुरुलिंगअप्पा सकाळी अंघोळ करून कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढत, तशाच तीन रेघा छिन्नीने लोखंडावर. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक भागावर. मारायचं काम समोरच्या गॅरेजवाल्या जमीलकडे, कारण छिन्नीवर त्याचा हात बसलेला. जमील तेव्हा पंचविशीतला होता आणि तोंडाने फाटका. "बघा भाबी," तो म्हणायचा, "लोखंडाला विभूत लावायला परळीत एक मुसलमानच सापडला अप्पास्नी." अप्पा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "सरळ मार. देव वाकडं गंध लावत न्हाई."

अप्पा गेल्यावर खूण बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली. जमीलची साठी आली होती, चष्मा लागला होता, पण छिन्नी त्याने ठेवली होती. शिवांजलीने रेघांचा फोटो काढला, प्रत्येक मालाखाली चढवला आणि कंपनीला रीतसर कळवलं: आमच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर तीन आडव्या रेघा असतात. रेघा नसलेली वस्तू परत आली तर ती आमची समजू नये. कंपनीचं उत्तर आलं की ही पद्धत उत्तम आहे आणि याची नोंद घेतली आहे.

"बघ," नीलाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षांची अक्कल हाय ही. मोबाइलात न्हाई सापडायची."

सव्वा महिन्यात एकही तक्रार आली नाही. मग सोलापूरच्या विजयसिंह नावाच्या माणसाने जुन्या फियाटचा सेल्फ मागवला. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. तो बिघडला की गाडी ढकलावी लागते. माल अस्सल होता, जमीलने बॅटरीला तारा लावून फिरवून दाखवला होता, रेघा ताज्या होत्या. माल गेला, पोचला, आणि नवव्या दिवशी मोबाइलवर तांबडं खूणचिन्ह आलं. वस्तू सदोष. पैसे परत हवेत. वस्तू परत पाठवली आहे.

पार्सल आलं तेव्हा शिवांजलीने ते दुकानाच्या ओट्यावरच फोडलं. आत सेल्फ होता. गंजलेला, एका बाजूला तेलाचं काळं कीट चढलेला, आतून जळका वास येणारा.

"हा आपला न्हाई," ती म्हणाली. एवढं समाधान तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांत दिसलं नव्हतं. "आत्या, बदलला त्यानं. चोर निघाला. जिंकलो आपण."

मग तिने तो उलटा केला. पाठीवर तीन आडव्या रेघा होत्या.

शिवांजलीने सेल्फ ओट्यावर ठेवला आणि कपाळाला हात लावला. समोरून जमील फडक्याला हात पुसत आला.

"काय झालं भाबी, कुणी गेलं का काय?"

"ह्या रेघा तू मारल्यास का बघ."

जमीलने चष्मा कपाळावरून खाली घेतला, रेघांवरून अंगठा फिरवला, आणि मग त्याचा चेहरा जरा बदलला. "हात माझाच हाय. पर आत्ताचा न्हाई. ह्या लई खोल गेल्यात. तवा जोर होता की हातात." त्याने सेल्फ उजेडाकडे धरला. "मधली वाकडी कावून झाली पण?"

हे ऐकलं आणि नीलाबाईंना सगळं आठवलं. आठवलं म्हणजे त्यांना काही शोधावं लागलं नाही, फळीवरचा डबा काढावा तसं ते हाताशी आलं.

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पोळा होऊन चार दिवस झाले होते. जमील ओट्यावर बसून रेघा मारत होता, आणि पहिली मारून दुसरीवर छिन्नी टेकवली तोच त्याची बहीण जुलेखा गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथूनच ओरडली की तुला मुलगी झाली. हातोडी पडली ती तिरकी. ती मुलगी म्हणजे तरन्नुम, आता तिचीच मुलगी शाळेत जाते. अप्पा म्हणाले, "वाकडी झाली." आणि जमील म्हणाला, "होऊ द्या अप्पा, आज मला काईबी सरळ दिसत न्हाई." आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं, घाटनांदूरचे डॉक्टर बिभीषणराव. त्यांची मोतिया रंगाची फियाट सेल्फ गेल्यामुळे शाळेतल्या पोरांनी दवाखान्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत आणली होती, पुढे उतारावर ती सुरू झाली आणि डॉक्टर न थांबता थेट परळीला आले होते. सोबत मुलगी होती, नऊ एक वर्षांची. टायरांच्या चळतीवर बसून तिने नीलाबाईंनी दिलेला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता आणि फ्रॉकला ग्रीस लावून घेतलं होतं.

"बिभीषण डॉक्टरचा सेल्फ हाय हा," नीलाबाई म्हणाल्या. "आपणच दिल्याला. ब्याण्णव साली."

शिवांजली खालीच बसली. "म्हंजे आपलाच?"

"आपलाच. पण ह्या माणसाला पाठवलेला न्हाई. तो त्यानं ठेवून घेतला आन हा पाठवला."

"मग चोरच की तो."

"चोरच," नीलाबाई म्हणाल्या. "पण डॉक्टरची गाडी ह्याच्याकडं कशी? डॉक्टरला पोरगा नव्हता. पोरगी एकच, शिवकन्या. ती सोलापूरकडं दिली होती." त्यांनी हात पुढे केला. "लाव त्याला फोन. आई कोण इचारते."

कंपनीचा नियम होता की तक्रार चालू असताना घेणाऱ्याला परस्पर फोन करू नये. शिवांजलीने हे सांगितलं. नीलाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि हात तसाच पुढे ठेवला.

फोन एका तरुण मुलाने उचलला. आवाज शिकलेला, अदबीचा. नीलाबाईंनी आपलं नाव सांगितल्यावर पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"नीलाकाकू? मी शिवकन्या. घाटनांदूरची. ओळखलंत का?"

"ग्रीस निघालं का गं फ्रॉकचं?"

पलीकडून खूप हसू आलं. मग दोघी पाच-सात मिनिटं बोलल्या. डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडी मुलीकडे आली होती, आणि आता नातवाने ती रंगवून लग्नात नवरदेव बसवायला भाड्याने द्यायचं काढलं होतं. शिवांजली दातओठ खात समोर उभी होती. शेवटी नीलाबाई मुद्द्यावर आल्या.

"पोरी, तुझ्या पोरानं असं कावून केलं? नवा ठेवून घेतला आन जुना आमच्या गळ्यात घातला."

"गळ्यात कुठं काकू? बदलून घेतला." शिवकन्येच्या आवाजात जराही ओशाळलेपण नव्हतं. "माझा इजू मोबाइलवर सेल्फ बघत होता, त्यात मला रेघा दिसल्या. म्हणलं, अरे हे तर आपलंच दुकान. आपल्या गाडीतला सेल्फबी त्यांचाच हाय. अप्पांनी माझ्या वडलांना, दादांना, काय सांगितलतं ते मला आजबी ध्यानात हाय. दुकान असेपर्यंत हा सेल्फ बिघडला तर घेऊन या, फुकट बदलून देईन. तुमी तर तिथंच होता काकू. चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. आठवतंय न्हवं?"

नीलाबाईंच्या सगळ्या आयुष्यात विसरून जायची ही एवढीच एक संधी आली होती. "न्हाई बाई, आता वय झालं" एवढे शब्द पुरे होते. त्यांच्या वयाच्या बाईने हे म्हटलं तर कोणी संशयही घेत नाही, उलट पाणी आणून देतात. पण ज्या बाईने सुनेला, मुलाला, मोबाइलवाल्याला आणि कंपनीलाही आपल्या आठवणीचा धाक घातला होता, तिला हे शब्द तोंडातून काढता येईनात. वर तो कपसुद्धा त्यांना दिसत होता. निळ्या कडेचा, कान तुटलेला.

"आठवतंय," त्या म्हणाल्या.

"मग काय चुकलं? पैसे आधी भरावे लागले, कारण मोबाइलात तसंच हाय. मग परत मागितले. कारण काय इचारतात तिथं. 'अप्पांनी शब्द दिलता' असं कारणच न्हाई त्यात. इजूनं शोधलं लई. मग जवळचं म्हणून 'वस्तू सदोष' लिहिलं. आन हायच की सदोष. तेहतीस वर्षांनी का असंना, बिघडला."

शिवांजलीने फोन ओढून घेतला. तिने नीट समजावून सांगितलं. ही तिसरी तक्रार आहे. खातं बंद होईल. दुकान जाईल. सेल्फ ठेवा, पैसे मी वेगळे पाठवते, पण तेवढी तक्रार मागे घ्या. मुलगा लगेच तयार झाला. त्याने मोबाइल उघडला आणि वाचून दाखवलं. तक्रार मागे घेण्यासाठी एकच कारण होतं: माझी तक्रार खोटी होती.

"दाबतो मी, ताई," तो म्हणाला.

"दाबशील बरं," मागून आईचा आवाज आला. "खोटी कावून? त्या काकू काय म्हणाल्या आत्ता? आठवतंय म्हणाल्या. मग आपण खोटं म्हणायचं? दादांचं नाव हाय त्या गाडीवर."

"बरोबर हाय तिचं," नीलाबाई हळूच म्हणाल्या.

शिवांजलीने सासूकडे पाहिलं. सोलापूरला एक आणि परळीत एक, दोन बायका एका बटणासाठी खऱ्याला धरून बसल्या होत्या, आणि मधे तिचं खातं होतं.

चार दिवसांनी कंपनीतून फोन आला. मुलगी हिंदीत बोलत होती, आवाज फार गोड आणि दमलेला. शिवांजलीने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावून ओट्यावर ठेवला. राजेश्वरची त्या दिवशी सुट्टी होती, तोही येऊन उभा राहिला. जमील दारात.

मुलीने विचारलं, परत आलेल्या वस्तूवर तीन रेघा आहेत ना?

आहेत, शिवांजली म्हणाली, पण ही ती वस्तू नाही. ही जुनी आहे. आम्हीच विकलेली, पण आधी.

आधी म्हणजे कधी, ऑर्डरची तारीख सांगा.

शिवांजलीने नीलाबाईंकडे पाहिलं. "ब्याण्णवचा भादवा," नीलाबाई म्हणाल्या. "पोळ्यानंतर चौथा दिवस."

पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली की तारखेच्या जागी तेवढं मागे जाता येत नाही. आणि आवाज खाली घेऊन तिने वाट दाखवली. तुम्हीच लिहून दिलंय की रेघा असल्या की वस्तू तुमची. आता तुम्ही एवढंच म्हणा की या रेघा आमच्या नाहीत, कोणीतरी नक्कल केली आहे. मी तपासणीला पाठवते. बहुतेक निकाल तुमच्या बाजूने लागेल. मी आता विचारते, तुम्ही हो किंवा नाही म्हणा. या रेघा तुमच्या दुकानाच्या आहेत का?

राजेश्वरने आईकडे पाहिलं आणि मान नकारार्थी हलवली. शिवांजलीने डोळे मिटून घेतले. तिच्या ओठांवर "नहीं" तयार होतं, आणि त्यात तिचं फारसं चुकलंही नव्हतं. तीन वर्षं तिने एकेका गंजक्या भागाचे फोटो काढले होते, अनोळखी माणसांचे वाकडे बोल गोड शब्दांत झेलले होते. नीलाबाईंना हे सगळं दिसत होतं. त्यांना दुकानही दिसत होतं, मालकांची खुर्ची, फळ्या, आणि त्या फळ्यांना हात लावणारा मोबाइलवाला. पण दारात जमील उभा होता. ज्याने त्या रेघा मारल्या तो माणूस समोर असताना त्या कोणा परक्याने मारल्या असं म्हणायचं, आणि वर मधली वाकडी का आहे हे आपल्याला ठाऊक असताना.

"आमच्याच हायेत, बाई," नीलाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "रेघाबी आमच्या, शब्दबी आमचा. बदलून दिला आमी."

मुलीला मराठी किती कळलं देव जाणे. तिने हिंदीत विचारलं, म्हणजे हो?

"हो."

विक्रेत्याने मान्य केलं आहे, असं म्हणून मुलीने आभार मानले, आणि या बोलण्याला पाचपैकी किती तारे द्याल तेही विचारलं. शिवांजलीने फोन बंद केला.

"दुकान असेपर्यंत गॅरंटी," राजेश्वर म्हणाला, "आन गॅरंटी पाळली म्हणून दुकान बंद. अप्पांनी हे दोन्ही एकदम कसं जमवलं असतं, आई?"

"जमवलं नसतं त्यांनीबी," नीलाबाई म्हणाल्या. "पण त्यांच्या टायमाला कुणी तेहतीस वर्षांनी आलंच न्हाई."

खातं त्याच संध्याकाळी बंद झालं. राजेश्वर चांगला मुलगा होता, त्याने आईला महिनाभराचा वेळ दिला. माल आवरायला तेवढा लागणारच होता. शिवांजली तीन दिवस सासूशी कामापुरतं बोलली, चौथ्या दिवशी रुसवा लक्षात ठेवायचं विसरली. मोबाइलवाला टेप घेऊन येऊन माप घेऊन गेला. नीलाबाईंनी या खेपेला त्याला चहा दिला नाही, पाणी विचारलं.

अकराव्या दिवशी कुरिअरवाला आला आणि त्याने ओट्यावर दोन पार्सलं ठेवली. दुसऱ्या दिवशी चार.

पहिल्यात एक डायनॅमो होता, जालन्याहून. सोबत चिठ्ठी: वडिलांनी आपल्याकडून घेतला होता, सत्त्याऐंशी साली. बंद पडला आहे. कृपया बदलून द्यावा. दुसऱ्यात वायपरची मोटर. पुढच्या पार्सलांत एक कार्बोरेटर, एक हॉर्न, आणि एक अशी वस्तू जी काय आहे हे जमीललाही पाच मिनिटं कळलं नाही. सगळ्यांवर तीन रेघा.

हे विजयसिंहाने केलं होतं, आणि कृतज्ञतेने केलं होतं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मोबाइलवर एक गट होता, राज्यभरातली माणसं त्यात. तिथे त्याने दुकानाचा पत्ता, रेघांचा फोटो आणि सगळी हकीकत टाकली होती. खाली लिहिलं होतं: असा शब्द पाळणारी माणसं अजून आहेत. चारशे लोकांनी त्याला हात जोडले होते. आणि त्यातले ज्यांच्या अडगळीत रेघांचे भाग पडून होते त्यांनी ते बाहेर काढले होते.

"गिऱ्हाईक न्हाई एकबी," शिवांजली चिठ्ठ्या चाळत म्हणाली. "समदे बदलून मागणारे. आत्या, लवकर बंद करू दुकान. बंद झालं की गॅरंटी संपती, अप्पांनीच म्हणलतं."

"बंद झाल्यावर संपती," नीलाबाई म्हणाल्या. "आज शटर वर हाय."

त्या खुर्चीवर बसल्या आणि एकेक भाग हातात घेऊ लागल्या. डायनॅमो बघून म्हणाल्या, हा वकिलाच्या गाडीचा, वकील उधळ्या होता पण बायको चांगली. वायपरची मोटर बघून म्हणाल्या, ही आपल्याकडं दुसरी हाय, वरच्या फळीवर, गोणपाटात. शिवांजली कुरकुरत स्टुलावर चढली. मोटर तिथेच होती. जालनेकराच्या चिठ्ठीच्या पाठीमागे आणखी काहीतरी लिहिलं होतं, ते आता तिच्या नजरेस पडलं. दरवाजाच्या दोन मुठी विकत मिळतील का. फोन करावा. तिने ते वाचलं आणि चिठ्ठी बाकीच्यांत न ठेवता पदराच्या टोकाला बांधली.

शेवटचं पार्सल बारकं होतं. आत आणखी एक हॉर्न. चकचकीत, आणि त्यावर तीन रेघा अगदी ताज्या, ग्राइंडरने ओढलेल्या. जमीलने तो बघितला आणि हसत हसत खालीच बसला.

"उभ्या हायेत, भाबी. फोटो आडवा टाकला असंल त्या पोरानं, आन ह्या येड्यानं तसाच उतरवला."

नीलाबाईंनी हॉर्न डोळ्यांजवळ नेला. खरंच तीन उभ्या रेघा होत्या. तेहतीस वर्षांत, नव्हे, दुकान घातल्यापासून गुरुलिंगअप्पांच्या मालावर उभी रेघ कधी पडली नव्हती आणि पडणारही नव्हती. पहिल्यांदाच समोर एक माणूस असा आला होता जो धडधडीत खोटं बोलत होता. नीलाबाईंचा चेहरा उजळला. महिन्याभरात त्या एवढ्या ताठ बसल्या नव्हत्या.

"शिवांजली, ही तक्रार आपण जिंकली असती."

"असती," शिवांजली स्टुलावरून म्हणाली. "पण जिंकायला खातं कुठाय?"

नीलाबाईंनी हॉर्न मांडीवर घेतला, चष्मा सारखा केला, आणि पार्सलावरचा पत्ता वाचायला सुरुवात केली. गाव शिरूर कासारजवळचं होतं. आडनाव त्यांच्या ओळखीचं वाटत होतं.

"लाव फोन," त्या म्हणाल्या. "ह्याची आई कोण इचारू."